कावळा तासावर घ्यायचा की नगावर

...आणि वर मलाच विचारतो, "साहेब, तासावर घेणार की नगावर?" नाही, तुम्हाला सांगतो, हा प्रश्न मी स्वतः आयुष्यात हजार वेळा विचारलाय, अठ्ठावीस वर्षं शिवडीच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे मी, सकाळी गेटवर हमालांची गँग उभी राहिली की माझा पहिला प्रश्न हाच, तासावर की नगावर? पण तो गोणीसाठी हो! पेटीसाठी, ड्रमसाठी, एकदा चिनी मातीचे अडीचशे संडास उतरवून घेतले होते, त्यांच्यासाठी! कावळ्यासाठी? माझ्या सख्ख्या बापाच्या पिंडाला शिवायच्या कावळ्यासाठी? मी तिथे धोतर नेसून उभा, डोकं ताजं भादरलेलं, वर मे महिन्याचं ऊन, टाळू पापडासारखी भाजतेय, आणि हा माणूस खिशातून रेटकार्ड काढतो. लॅमिनेट केलेलं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल विनीत परब उन्हात फिरला. आमचे बाबा, लवू परब, सत्त्याऐंशीव्या वर्षी गेले, घोडपदेवच्या खोलीत, स्वतःच्या खाटेवर, काही हाल नाहीत. गिरणीत साचेवाले. म्हणजे मागावर कापड विणायचे, आणि साचेवाल्याला पगार कापडावर, जेवढं विणाल तेवढे पैसे. आणि त्यांचे धाकटे भाऊ, आमचे माधवकाका, त्याच गिरणीत, पण सूत कातायच्या खात्यात, ते हजेरीवर. आठ तास उभे राहा, ठरलेला रोज घ्या. एका आईची दोन पोरं, एका खोलीत राहतात, एका ताटात जेवतात, आणि साठ वर्षं एकच भांडण! बाबा बोलायचे, "तुला उभ्या उभ्या झोपायचे पैसे मिळतात रे माध्या!" काका बोलायचे, "आणि तुझा धागा तुटला की तू उपाशी!" गिरणी बंद पडली, चिमणी पाडली, तिथे काचेची बिल्डिंग उभी राहिली, ह्यांचं भांडण चालूच! मी आठवीत असताना मला गणिताची शिकवणी लावायची होती, तर मास्तरांना पैसे तासावर द्यायचे की धड्यावर, ह्याच्यावरून दोघं इतके दिवस बोलले नाहीत की तोपर्यंत माझी परीक्षा झाली. नापास. मग म्हणाले, बघ, पोराचं लक्षच नाही!

आणि मी? मी बापाचा मुलगा. मी नगवाला. अहो, तासावर ठेवलेला माणूस गोणी उचलायच्या आधी तंबाखू मळेल, गोणीला प्रदक्षिणा घालेल, गोणीशी ओळख काढेल, गाव कुठलं गं तुझं! आणि तोच माणूस नगावर ठेवा, पळतो! आता पळतो म्हणजे... कधी कधी फेकतो. ते अडीचशे संडास मी नगावर दिले होते. पाऊण तासात उतरवून मोकळे! शाबूत एकशे बारा. पण पाऊण तासात! त्या दिवशी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून जे काय ऐकवलं ते जाऊ दे, पण मुद्दा काय, की मला ह्यातलं कळतं. कळतं असं मला वाटायचं.

तर दहावा. दहाव्याला काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पिंड मांडायचे, कावळा शिवला की गेलेला माणूस मोकळा, नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलंय, जीव कुठेतरी अडकलाय. आणि घरी आमची आई, मीराबाई, वय ब्याऐंशी, शुगर आहे तिला, तिने सकाळीच जाहीर केलं, कावळा शिवल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालणार नाही. आता आली का पंचाईत! म्हणजे इकडे बाप अडकलेला आणि तिकडे आई उपाशी, आणि दोघांच्या मध्ये कोण? कावळा!

आणि कावळा कुठाय? मुंबईत, तुम्हाला सांगतो, एरवी माझ्या परळच्या खिडकीत रोज सकाळी येऊन हातातला पाव ओढतो, परवा चष्मा नेला माझा! आणि त्या दिवशी शिवडीच्या खाडीकडे, जिथे मासळीचा वास, जिथे शंभर कावळे नेहमी, तिथे एक नाही. कबुतरं आली. कबुतराला कोण विचारतं? आणि समोर चिखलात ते गुलाबी फ्लेमिंगो, शेकडो, एका पायावर उभे, सगळेच्या सगळे आमच्याकडे बघतायत. तास झाला, दीड तास झाला. शेवटी मीच हळूच विचारलं, "गुरुजी, नाही म्हणजे... फ्लेमिंगो शिवला तर?" मनमोहन गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं मला. "परब, तो पाहुणा आहे. पावसाआधी परत जातो. आपल्या पितरांची जबाबदारी त्याच्यावर कशी टाकणार?" आणि लगेच घड्याळ बघितलं, "जरा आवरा, साडेबाराला माटुंग्याला माझे दुसरे आहेत." दुसरे! म्हणजे गुरुजीसुद्धा नगावरच!

तेवढ्यात फोन. आई. "झिला, इलो काय रे कावळो?"

"येतोय गं, वाटेत आहे." वाटेत आहे! जसा काय टॅक्सीत बसलाय!

आणि मग तो आला. कावळा नाही हो, धनेश! नाव बघा, तेसुद्धा पक्ष्याचं. चाळीसेक वर्षांचा, डोक्याला टोपी, खांद्याला झोळी, गळ्यात ओळखपत्र, आणि ओळखपत्रावर फोटो कोणाचा? कावळ्याचा! कावळे बोलावून देतो म्हणाला. "साहेब, तासावर घेतलंत तर मी तासभर बोलावणार, येणं न येणं त्याची मर्जी. नगावर घेतलंत तर आला तरच पैसे."

मी म्हटलं, नगावर! विचार कसला करायचा? माधवकाका मागून ओरडले, "विनू, हजेरीवर घे! पक्ष्याची जात आहे, घाई करून येते का?" मी बोललो, काका, तुम्ही सावलीत बसा, हे माझं रोजचं काम आहे. आता तुम्हीच सांगा, ह्याला तासावर द्यायचे की नगावर? नगावरच ना? कोणीही शहाणा माणूस हेच बोलेल ना?

धनेशने झोळीतून शेव काढली, मूठभर हवेत उडवली आणि तोंडाला हात लावून असा आवाज काढला... "क्राऽऽव! क्राऽऽव! क्राऽऽव!" की तुम्हाला सांगतो, आभाळ काळं झालं! कुठून कुठून आले, भिंतीवर, तारांवर, गुरुजींच्या स्कूटरवर! आणि ह्याच्या हातात ते जप मोजायचं बटण असतं ना, ते... टिक, टिक, टिक, टिक! आमचे नातेवाईक हात जोडून उभे, आता शिवणार, आता शिवणार... आणि कावळ्यांनी काय केलं? शेव खाल्ली. सगळी. मग चोची पुसल्या. मग बसले पोट सुटलेल्या जावयासारखे, आणि पिंडाकडे ढुंकूनही बघत नाहीत! भाताचा पिंड, मसालेदार शेवेनंतर, तुम्ही तरी खाल का? एक तर काकांची टोपी घेऊन उडाला.

"त्रेचाळीस नग," धनेश बटण दाखवतो.

"अरे, पण शिवला कुठे?"

"साहेब, नग म्हणजे कावळा. तुम्ही कावळा मागितलात, कावळा डिलिव्हर झाला. शिवणं म्हणजे फिनिशिंग, त्याचा रेट वेगळा." आणि कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं हो तसं लिहिलेलं! आणि हे वाक्य मला ओळखीचं होतं. गोडाऊनमध्ये हमाल मला हेच सांगतात, साहेब, माल गाडीतून उतरवायचा ठरलाय, थप्पी लावायचे वेगळे. अठ्ठावीस वर्षं मी त्यांना 'चोर आहात' बोलतोय आणि अठ्ठावीस वर्षं थप्पीचे वेगळे देतोय!

काका उठले. बिनटोपीचे. पण चेहऱ्यावर काय तेज! साठ वर्षांनी भांडण जिंकल्याचं तेज! "बघितलंस? नगाने माणूस नग बघतो, काम बघत नाही. हजेरीवर लाव त्याला." मी म्हटलं ठीक आहे, लाव तासावर. धनेश बोलला, ठीक आहे, घड्याळ लावतो.

आणि मग, तुम्हाला सांगतो, त्या माणसाची चालच बदलली! मघाशी वाऱ्यासारखा पळणारा माणूस, आता झाडाखाली रुमाल अंथरून, टोपी बाजूला ठेवून, मांडी घालून बसला. एक "क्राव". मग दहा मिनिटं विश्रांती. दुसरा "क्राव". मग बायकोला फोन, गॅसचा नंबर लावलास का. तिसरा अर्धवट, "क्रा..." आणि शिंकला. आणि कावळे? ते शेव खाऊन झोपलेले! अहो, कावळा दुपारी झोपतो हे मला त्या दिवशी कळलं.

बरं, एक आला. खरंच आला! तारेवरून उतरला, मान तिरकी करून पिंडाकडे बघितलं, एक उडी मारली, दुसरी मारली, आता फक्त वीतभर राहिलं, आमचा सगळ्यांचा श्वास बंद... आणि हा धनेश उठून टाळ्या वाजवतो! "शाब्बास! शाब्बास रे!" भुर्रकन उडाला तो! मी धोतर सावरत धावलो त्याच्या अंगावर, काय केलंस? म्हणतो, "उत्तेजन दिलं, साहेब." मी घड्याळ बघितलं. तास भरायला अजून पंचवीस मिनिटं होती. समजून घ्या तुम्ही. मी काकांकडे बघितलं, काकांनी खाडीकडे बघितलं. आता तुम्हीच सांगा, ह्याला तासावर द्यायचे की नगावर? माझी तर अक्कल तिथेच संपली.

गुरुजी म्हणाले, "परब, त्यांची काही इच्छा राहिली असेल, ती बोला." आता मी इच्छांवर आलो. बाबा, आईला सांभाळीन. काही नाही. बाबा, गावच्या घराची कौलं नवी करतो. काही नाही. बाबा, तुमच्या नावाने गावच्या शाळेत पंखा लावतो. एक कावळा हलला! मी म्हटलं, दोन पंखे! तो परत बसला. तीन पंखे, चार पंखे, पाण्याचा कूलर! अहो मी लिलाव करत होतो, समोर बाप आणि मी बोली वाढवतोय! मागून आमचे एक साडू बोलले, "सोलरचं बोल, सोलर."

परत फोन. ह्या वेळी आईचा आवाज बारीक. "झिला, जरा चक्कर येता हा माका. पण तू घाई करू नको हां."

"आई, साखर खा! चमचाभर खा, मी सांगतो ना!"

"नको रे. आधी तेंका जेवंदेत, मगे मी."

पासष्ट वर्षं तिने बाबांच्या आधी घास घेतला नव्हता, आता काय घेणार होती! मला खरं सांगतो, घाम फुटला. उन्हाचा नाही, भीतीचा.

बारा वाजले. गुरुजी पिशवी भरायला लागले. "परब, शास्त्रात सोय आहे. कावळा नाही आला तर दर्भाचा करतात." दर्भ म्हणजे ते पूजेचं गवत. दोन मिनिटांत वळून त्यांनी कावळा केलासुद्धा, चोच काय, शेपटी काय, हात सराईत! "हा पिंडाला लावा, झालं काम, मी निघतो." आणि मी, तुम्हाला सांगतो, मी खूश झालो! झालं काम! कावळा तो कावळा, आई जेवेल, माणसं घरी जातील. हात पुढे केला मी घ्यायला.

"नको!" काका ओरडले. असे ओरडले की झोपलेले कावळे उठले. "शेवटचा घास तरी गवताकडून शिवून घेऊ नको रे! आयुष्यभर केलंस तेवढं पुरे!"

मी म्हटलं, काय केलं मी? काय कमी केलं? दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, जायचो. औषधं मी आणली, डॉक्टर मी केला, डोळ्याचं ऑपरेशन मी केलं, लाइटचं बिल मी...

"सगळं केलंस," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "एक नग चुकला नाही तुझा. पिशवी ठेवायचास, गोळ्या मोजायचास, बिल दाखवायचास आणि चप्पल घालून बाहेर. अकरा मिनिटं. मी समोरच्या बाकड्यावर असायचो ना, बघायचो. बापाला नगावर केलंस तू, विनू. तू गेलास की लवूदादा मला विचारायचा, 'माध्या, ह्याला बसायचे काय पडतात रे? विचार एकदा, मी देतो.'"

...

घोडपदेव ते परळ, वीस मिनिटांचा रस्ता. बसता आलं असतं. कपभर चहा प्यायला असता तरी अर्धा तास झाला असता. पण मला वाटायचं, काम झालं ना? मग बसायचं कशाला? आणि हे मला शिकवलं कोणी? त्यांनीच! जन्मभर कापडावर जगलेला माणूस, आणि शेवटी त्याला हजेरी हवी होती. माझी हजेरी. मोठ्याने रडलो मी, सगळ्या नातेवाइकांसमोर, लाज वाटली नाही.

मग मी बसलो. तापलेल्या दगडावर, पिंडासमोर, मांडी घालून. गुरुजी म्हणाले परब, माटुंगा, मी म्हटलं जा तुम्ही. नातेवाईक म्हणाले विनीत, जेवणं, मी म्हटलं जा, वाढून घ्या. नाही, पंखा नाही, कूलर नाही, काही कबूल केलं नाही, आता बोली संपली. नुसता बसलो. आणि बोलायला लागलो बाबांशी. काहीही. गोडाऊनमध्ये मांजर व्यायलीय. मला गुडघेदुखी सुरू झालीय. ते संडासांचं सांगितलं, ते त्यांना कधी सांगितलंच नव्हतं मी, मालकांनी माझा दोन महिन्यांचा पगार कापला होता तेही सांगितलं. हसले असते हो! पोट धरून हसले असते, आणि पहिला प्रश्न विचारला असता, "शाबूत किती?"

किती वेळ बसलो माहीत नाही. काका शेजारी येऊन बसले कधीतरी. आणि एक कावळा आला. म्हातारा, पंखाचं एक पीस वाकडं झालेला. ना शेव, ना क्राव. आला, माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि पिंडाला चोच लावली. एकदा नाही, खात बसला! शीत शीत उचलून, सावकाश, जसा काय पाळी सुटायला अजून चार तास आहेत. मी फोन लावला. म्हटलं आई, जेवले बाबा. तू जेव. म्हणाली, "बरा झाला. भात निवलो आसतलो, गरम करतंय."

आता म्हणाल, संपली गोष्ट. तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही ते! धनेश आला समोर. मी पाकीट काढलं, म्हटलं घे बाबा, तासाचे घे, नगाचे घे, फिनिशिंगचे घे, ह्याच्यापुढे माझ्याच्याने भांडण होणार नाही. घेईना! माझ्यासमोर उकिडवा बसला आणि कसल्यातरी नव्या मशिनकडे बघावं तसा मला बघायला लागला.

"साहेब, अठरा वर्षं ह्या लाइनमध्ये आहे. शेवेशिवाय आलेला पहिलाच कावळा. तुम्ही गुरुवारी काय करता?"

मी म्हटलं गुरुवारी मला सुट्टी असते, का?

"इथे या ना. एक दहावा आहे. काही करायचं नाही, बसायचं, बोलायचं. लोकांना बसताच येत नाही साहेब, सगळे उभे, सगळ्यांचे पाय गाडीकडे. त्यांच्या जागी कोणीतरी बसलं पाहिजे. येता? तासावर देईन, नगावर पाहिजे तर नगावर."

आणि काका, बसल्या जागेवरून, "हजेरीवर घे!"

घेतलं. हसा, हसा! अठ्ठावीस वर्षांचा नगवाला मी, पंचावन्नाव्या वर्षी हजेरीवर लागलो, तेही कावळ्याच्या हाताखाली! आज सहावा गुरुवार. तो बघा धनेश, त्या झाडाखाली, डबा खातोय. मी त्याच्याबद्दल बोललो ते त्याला सांगू नका, स्वभावाने बरा आहे. आता मधुराताई, तुम्ही थोरल्या ना? आणि हे तुमचे भाऊ, ध्रुव. ध्रुवभाऊ, तुम्ही चौथ्यांदा घड्याळ बघितलंत, मी मोजतोय. समजतं मला, उन्हाचं उभं राहवत नाही, पार्किंगचं मीटर चालू असेल, हॉलवाला फोन करत असेल. पण हा तुमच्या वडिलांचा पिंड आहे, आणि कावळा एकही नाही, आणि गुरुजी मघापासून गवत वळतायत ते मी बघितलंय. या, इकडे या, दगड तेवढा तापलेला नाही, मी गरम करून... आपलं, गार करून ठेवलाय. बसा. भावाला जागा द्या. आणि मला सांगा, कसे होते वडील? काय खायचे, कोणावर चिडायचे, पहिल्यापासून सांगा. अजिबात घाई करू नका हो, माझं काय... मी तासावर आहे.